घरात रातपाळी लावा : बाळ घरी आल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

आमची मुलगी घरी आली ती जुलैची संध्याकाळ होती. भांडुपचं वन-बीएचके, बाहेर धो धो पाऊस, आत मी, नवरा, सासूबाई, सासरे आणि तीन दिवसांचं बाळ. पहिल्या रात्री ती रडली की आम्ही चौघंही उठत होतो. एक जण दुपटं शोधतोय, एक जण दिवा लावतोय, एक जण "भूक लागली असेल" म्हणतोय. सकाळी सहा वाजता चौघंही पार गळून गेलेलो, आणि दिवसाची सगळी कामं अजून पुढेच होती.

तेव्हा सासरे म्हणाले, "अशानं चार दिवसांत सगळे आडवे व्हाल. पाळ्या लावा." ते १९८२च्या संपापर्यंत गिरणीत होते. लालबागच्या एका खोलीत सात-आठ माणसं पाळीप्रमाणे झोपायची, आणि रातपाळी करून आलेल्याला दिवसा कुणी हाक मारायची नाही, हा तिथला नियम. त्यांचं ऐकलं म्हणून आमचे पुढचे दिवस निभावले. म्हणून सुरुवात इथूनच करते, कारण बाळाबद्दलचे सल्ले सगळेच देतात, घरातल्या माणसांच्या झोपेचा हिशोब मात्र कुणी मांडून देत नाही.

पाळ्यांचा कागद

बाळ रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी दूध मागणार, हे गृहीत धरा. अंगावर पाजणं आईशिवाय कुणी करू शकत नाही. पण त्याच्या मागची-पुढची सगळी कामं दुसरं कुणीही करू शकतं: बाळाला उचलून आईजवळ आणणं, पिऊन झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं, आईला पाण्याची बाटली भरून देणं. आईनं फक्त पाजायचं आणि डोळे मिटायचे. पाजायला वीस-तीस मिनिटं लागत असतील, तर बाकीच्या कामांना तितकाच वेळ जातो, आणि रात्रीतून तीन-चार वेळा वाचलेली तेवढी झोप फार मोठी असते.

आमचा कागद असा होता. रात्री ९ ते १ नवरा, १ ते ५ सासूबाई, पहाटे ५ ते ८ सासरे. सासरे तिला छातीशी धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत आणि मला सलग अडीच तास मिळत. शिवाय दुपारी २ ते ४ माझी झोप, त्या वेळी दाराची बेल बंद. कुरिअर, दूधवाला, गॅसवाला यांच्यासाठी वॉचमनला सांगून ठेवलं होतं आणि माझा फोन नवऱ्याकडे. कागद फ्रिजवर चिकटवा. तोंडी ठरलेल्या पाळ्या दुसऱ्या रात्रीच मोडतात, कारण रडणं ऐकलं की प्रत्येकाला उठावंसं वाटतं. ज्याची पाळी नाही त्यानं उठायचं नाही, हे पाळणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं.

घरात दोघंच असाल तर रात्रीचे दोन तुकडे करा. ९ ते २ नवऱ्यानं सगळं बघायचं, आईला फक्त पाजायला उठवायचं. २ नंतर त्याची झोप. सकाळच्या पोळीभाजीसाठी महिनाभर डबा लावा. आपल्याकडे गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्रं आहेत, त्यांचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

वडिलांच्या रजेबद्दल माझं ठाम मत आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत कंपनीच्या नियमांवर असतं. जी काही रजा असेल ती सगळी पहिल्याच आठवड्यात संपवू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. तुमची आई किंवा सासूबाई गावी परत जातील, त्या आठवड्यासाठी निम्मी राखून ठेवा.

दूध : मोजायचं ते घड्याळावर नाही, लंगोटावर

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा, पण बाळाला तेवढा पुरतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं, छाती जड होते, कधी गाठी येतात. यावर उपाय एकच, बाळाला वारंवार लावणं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा.

बाळ नीट लागलंय का, ते बघायला शिका. तोंड मोठं उघडलेलं हवं, नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी आणि गिळल्याचा आवाज यायला हवा. कळ मारत राहिली तर सोसत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. मी पहिले चार दिवस दात-ओठ खाऊन पाजत राहिले आणि चिरा पडल्या. हॉस्पिटलमधून निघण्याआधी नर्सला दोनदा समोर बसवून दाखवायला सांगितलं असतं, तर ते टळलं असतं.

दूध पुरतं की नाही, हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानावर येईल. उत्तर लंगोटात आहे. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. शी आधी डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत फेटलेल्या मोहरीसारखी पिवळी. आम्ही पाळ्यांच्या कागदावरच दोन रकाने केले होते, शी आणि शू, आणि ज्याची पाळी त्यानं रेघ मारायची. डॉक्टरांनी विचारल्यावर तो कागदच पुढे ठेवला.

वजनाचंही ध्यानात ठेवा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी होतं. १० टक्क्यांपर्यंतची घट दिसू शकते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. घट ७ टक्क्यांच्या पुढे गेली तर पाजणं नीट होतंय का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. "वाळलं गं बाळ" असं कुणी म्हणालं म्हणून पावडरच्या दुधाचा डबा उघडू नका. डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं तर मात्र मनाला लावून घेऊ नका: डब्यावरच्या मापानं, उकळलेल्या पाण्यात, ताज्या उकळून घेतलेल्या वाटी-चमच्यानं द्या आणि अंगावर लावणंही चालू ठेवा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर हॉस्पिटलमध्ये दुधाच्या पेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून गरजू बाळांना देतात त्या सोयीबद्दल, विचारा. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्याच सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू झाली.

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी नाही, गुटी नाही, बाळकडू नाही, आणि मध तर वर्षभर बोटावरसुद्धा नाही, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. अपवाद फक्त डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा. ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, हे बहुतेक बाळांना सांगितले जातात. गुटीवरून घरात वाद होणार असतील तर एक करा. पहिल्या तपासणीला सासूबाईंना किंवा आईला बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. आमच्या घरी सुनेनं सांगून जे पटलं नसतं, ते डॉक्टरांच्या एका वाक्यानं पटलं, आणि कुणाचा मानही दुखावला नाही.

मालिशवाल्या मावशी

मुंबईत मालिशवाली बाई सकाळी चार घरं करून तुमच्याकडे येते. आमच्या मावशींच्या हातात माया होती. माझी कंबर त्यांच्यामुळे सरळ झाली. पण पहिल्याच दिवशी चहा देऊन, शांतपणे, काही गोष्टी ठरवून घ्या. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, नखं कापलेली हवीत. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी, आणि पगार कापायचा नाही, नाहीतर त्या आजारी असूनही येणारच.

मग काय करायचं नाही, ते: नाकात, कानात आणि बेंबीत तेल नाही. नाकात घातलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. टाळू दाबायची नाही. पाय धरून उलटं करायचं नाही. नवजात बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, थोडी सुजलेली असते, कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईच्या संप्रेरकांमुळे होतं ते, आणि आपोआप जिरतं. ती पिळून "दूध काढायचं" अजिबात नाही, त्यानं गळू होतो. बेसन-उटण्यानं लव घासायची नाही. पावडर उडवायची नाही. धुरी नाही, ओव्याचा असला तरी धूर तो धूरच. आणि बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवून शेक घेणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरम पाण्याची पिशवी घ्या.

नाळ साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत गळून पडते. तोवर पायावर घेऊन घंगाळभर पाणी ओतायचं नाही, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडानं पुसायचं. नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची आणि लंगोटाची गाठ तिच्याखाली यायला हवी. मुळाशी लाली पसरली, घाण वास आला किंवा पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

उचकी लागली की सासूबाई दुपट्याचा ओला दोरा टाळूवर ठेवत. बाळाला त्यानं काही होत नाही, उचकीही थोड्या वेळानं आपली आपण थांबते. सगळ्याच गोष्टींवर भांडायची गरज नसते.

लंगोट आणि पाऊस

पावसाळ्यात बाळ झालं असेल तर खरी कसोटी दोरीवर लागते. दिवसाला वीसेक लंगोट, आणि ग्रिलमध्ये वाळायचं नाव नाही. ३०–३५ लंगोट आणि डझनभर दुपटी तयार ठेवा. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची सगळ्यात मऊ. हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधा आणि प्रत्येक लंगोट वापरण्याआधी इस्त्री फिरवा, दमट कापडानं पुरळ उठतं. दिवसा लंगोट, रात्री आणि दवाखान्यात जाताना डायपर, ही तडजोड आम्हाला जमली. डायपर तीन-चार तासांनी बदलायचा, शी झाली तर लगेच. लाल झालं तर साध्या पाण्यानं धुवून, टिपून, काही वेळ उघडं ठेवा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

कुठे आणि कसं झोपवायचं

उताणं. दर वेळी, दुपारच्या डुलकीलाही. गादी कडक, चादर ताणलेली. मोहरीची उशी, लोड, मऊ खेळणी काही नाही. डोकं गोल व्हावं म्हणून उशी लागत नाही; जागेपणी बाळाला थोडा वेळ पालथं, आपल्या छातीवर ठेवा.

लहान घरात बाळ आईजवळच झोपणार. त्यासाठी आईच्या बाजूला त्याची वेगळी छोटी गादी घाला. दोन मोठ्यांच्या मधे नको, सोफ्यावर कडेवर घेऊन डुलकी नको, आणि कुणी दारू, सिगारेट किंवा झोपेची गोळी घेत असेल तर त्याच्या शेजारी मुळीच नको. साडीची झोळी कुणी समोर बसलेलं असतानाच. मच्छरदाणी हवी, कॉइल नको. कुंची-स्वेटर मुंबईच्या उकाड्यात लागत नाही: मोठ्यांपेक्षा एक कपडा जास्त पुरे. हात-पाय गार लागतात म्हणून घाबरू नका, मान आणि पोट चाचपून बघा.

रात्री झिरोचा बल्ब, कुजबुज, खेळवणं नाही. दिवसा खिडकी उघडी, कुकरच्या शिट्ट्या चालू द्या. दिवस-रात्र कळायला त्याला बरेच आठवडे लागतात.

संध्याकाळचं रडणं

दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवेलागणीला बाळ तासन्‌तास रडतं, पुन्हा पुन्हा प्यायला मागतं. भूक, लंगोट, उकाडा, ढेकर, बोटात गुंतलेला दोरा, सगळं पाहून झालं तरी रडतंय, असं होईल. छातीशी उघड्या अंगाला धरा, येरझाऱ्या घाला, दर पंधरा मिनिटांनी माणूस बदला. आपलाच तोल जातोय असं वाटलं तर बाळाला गादीवर उताणं ठेवून पाच मिनिटं गॅलरीत जा. रागात बाळाला गदागदा हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. घरातल्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

पाहुणे, पाचवी, बारसं

भेटीची वेळ ५ ते ७ अशी घरच्या ग्रुपवर टाका. हे काम सासरे किंवा नवऱ्यानं करायचं, बाळंतिणीनं नाही. हात धुऊनच बाळ घ्यायचं, पापा घ्यायचा नाही. पाचवीची पूजा घरातल्या घरात झाली. बारसं बाराव्या दिवशी आठ माणसांत केलं, घुगऱ्या वाटल्या, आणि हॉलचा कार्यक्रम तीन महिन्यांनंतर. काजळ लावायचं नाही, त्यात शिसं असू शकतं; तीट हवीच असेल तर तळपायाला.

बाळंतीण

डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा, पण भाजी, वरण, फळं, अंडी-मासे बंद करू नका, आणि "पाणी कमी पी" हे ऐकू नका. पाजायला बसलं की तहान लागतेच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. घरी आल्यावर त्या पहिल्या विसरल्या जातात. रक्तस्राव हळूहळू कमी होत सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो. तासाभरात पॅड भिजून जाणं, ताप, टाके सुजणं, एका पोटरीत दुखून सूज, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

नवव्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून कारण नसताना रडले. पहिल्या दोन आठवड्यांत असं बहुतेकींना होतं आणि जातं. त्यापुढेही टिकलं, बाळाकडे बघावंसंच वाटेना, झोपायला मिळूनही झोप येईना, किंवा स्वतःला-बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःच्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा: मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. इजेचे विचार असतील तर बाईला एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.

थांबायचं नाही, निघायचं

- बगलेत थर्मामीटर लावून १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. तीन महिन्यांखालच्या बाळाला घरी तापाचं औषध देऊन बघायचं नाही. अंग गार पडत असेल आणि ऊब देऊनही तापत नसेल, तरीही.
- बाळ पिईनासं झालं, उठवूनही उठत नाही, लुळं पडलं किंवा झटके आले.
- श्वास फार जलद, छाती आत ओढली जातेय, कण्हण्याचा आवाज, ओठ निळे.
- पहिल्या २४ तासांतच कावीळ, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला.
- हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, टाळू खोल गेली, आठ तासांत शू नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ बहुतेक बाळांना होते आणि दोन आठवड्यांत जाते. तरी डॉक्टरांना दाखवाच, आणि खिडकीतलं कोवळं ऊन हा तिचा उपचार समजू नका. वाढली तर निळ्या दिव्याखालीच ठेवावं लागतं.

नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते बाळ बरं असतानाच शोधून ठेवा. परळचं वाडिया मुलांचंच आहे, पण मुलुंडहून पावसात तिथे पोचायला किती वेळ लागेल, याचाही विचार करा. आमच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असे: फाईल, दोन लंगोट, दुपटं, चार्जर, थोडे रोख पैसे. अँब्युलन्ससाठी १०८.

कागदपत्रं

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल ती पालिकेला कळवतं, पण फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवून स्वतः वाचा. नंतर दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसच्या चकरा होतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा दोन-तीन प्रती काढून ठेवा. घरी निघताना बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीची पहिली लस झाल्याची नोंद कार्डावर आहे ना, ते बघा, आणि कानाची व थायरॉईडची तपासणी झाली का, तेही विचारा. कानाची राहिली असेल तर महिन्याच्या आत करून घ्या.

दीड महिन्याच्या लसी पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात: पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. लसीकरणाचा वार आधी विचारून घ्या. समोरून उघडणारं झबलं घाला. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा आणि लगेच अंगावर घ्या. ताप आला तर औषध द्यायचं का आणि वजनाप्रमाणे किती, हे तिथेच लिहून घ्या. सुईची जागा चोळू नका, शेकू नका. त्या रात्री बाळ किरकिरणार, म्हणून कागदावर एकाऐवजी दोन माणसांची पाळी लावा. पुढची तारीख दहाव्या आठवड्याची असते, ती कार्डावर लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.